५८९ विकेट्स, कसोटी सामने शून्य

इंग्लंडात रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट १९९५ पर्यंत कागदोपत्री हौशी होता. खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतलेत तर तुम्ही बाहेर. १९९५ ला ही बंदी उठली, वरच्या क्लबांतली पोरं पूर्ण वेळ पगारी झाली. पण खालच्या डिव्हिजन्समध्ये एक मधलाच प्रकार तयार झाला. सेमी-प्रोफेशनल. आठवडाभर कुणी प्लंबिंगची कामं करतो, कुणी शाळेत शिकवतो. आठवड्यात दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, सामन्याचे थोडे पैसे, सोमवारी सकाळी परत कामावर. अशा संघातला एखादा विंगर पंधरा-पंधरा वर्षं कडेच्या रेषेलगत धावतो, ढिगाने ट्राय करतो, आणि त्याचं नाव त्याच्या गावाबाहेर कुणाला माहीत नसतं.

मध्यंतरी एका शनिवारी हे सगळं वाचत बसलो होतो आणि सारखं वाटत होतं, की हे आपल्या फार ओळखीचं आहे. फक्त रग्बी नाही, क्रिकेट. आणि इंग्लंडातलं गाव नाही, दादर-माटुंगा-वडाळा.

आपल्याकडे 'सेमी-प्रोफेशनल' हा शब्द कुणी वापरला नाही, पण मुंबईचं अख्खं क्रिकेट पन्नास-साठ वर्षं त्याच पद्धतीवर चाललं. मुंबईचा खेळाडू म्हणजे आधी कुठल्यातरी ऑफिसातला माणूस. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये, दिलीप वेंगसरकर टाटांकडे. बोर्डाकडून मिळणाऱ्या भत्त्यावर त्या काळी घर चालणं शक्यच नव्हतं. घर पगारावर चालायचं. कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या, सामन्यासाठी सुट्टी द्यायच्या, आणि त्या बदल्यात तो टाइम्स शील्डमध्ये कंपनीकडून खेळायचा. टाइम्स शील्ड म्हणजे १९३० च्या दशकापासून चालत आलेली ऑफिसांची स्पर्धा. पावसाळ्यात कांगा लीग, १९४८ पासून. चिखलात, गुडघाभर गवतात, ओल्या खेळपट्टीवर. आणि क्लब कुठला, तर दादर युनियन किंवा शिवाजी पार्क जिमखाना. त्यांच्यातली खुन्नस आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. वडाळ्याहून फाइव्ह गार्डन्स ओलांडून चालत गेलं की माटुंग्याचं दडकर मैदान येतं, तेच दादर युनियनचं. हार्बर लाइनवर आजही सकाळी किटबॅग सांभाळत दारात उभी असलेली पोरं दिसतात. त्यांच्या बॅगेचा धक्का लागला की आपण वैतागतो. असो.

या पद्धतीत घडलेल्या एका माणसाबद्दल लिहायचंय. पद्माकर शिवलकर. मुंबई क्रिकेटमध्ये सगळे त्यांना पॅडी म्हणायचे. डावखुरे फिरकी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ विकेट्स, सरासरी १९.६९. एका डावात पाच किंवा जास्त विकेट्स ४२ वेळा, सामन्यात दहा विकेट्स १३ वेळा. मुंबईकडून रणजीत ३६१, मुंबईच्या दुसऱ्या कुणाच्याही इतक्या नाहीत. कसोटी सामने शून्य.

ज्यांना क्रिकेटच्या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी: सरासरी १९.६९ म्हणजे प्रत्येक विकेटमागे वीसपेक्षा कमी धावा दिल्या. तेही पाच-दहा सामन्यांत नाही, तर १९६१-६२ पासून १९८७-८८ पर्यंत पसरलेल्या कारकिर्दीत. आमच्या क्षेत्रात सव्वीस वर्षं एकच काम करत राहिलेल्या माणसाकडे पोरं कीव आल्यासारखं बघतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

शिवलकरांचा जन्म १४ सप्टेंबर १९४०. मुंबईच्या बऱ्याच खेळाडूंसारखी शाळेपासूनची हॅरिस शील्ड-गाइल्स शील्डची सरळ शिडी त्यांच्या वाट्याला आली नाही. लेदर बॉलच्या क्रिकेटमध्ये ते तसे उशिराच आले, आणि त्यांना हेरलं विनू मंकड यांनी. इथे थोडं विषयांतर करतो, कारण मंकडांची एक गोष्ट या विषयाशी जोडलेली आहे. १९५२ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. मंकडांना लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबाने पगारी खेळाडू म्हणून करार देऊ केला होता. त्यांनी बोर्डाला विचारलं, दौऱ्यावर माझी निवड नक्की आहे का? बोर्डाने शब्द दिला नाही. मंकडांनी क्लबाशी करार केला. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार विकेट्स अशी अवस्था झाली, आणि त्याच बोर्डाला हॅसलिंग्डनकडे आपलाच खेळाडू मागायला जावं लागलं. लॉर्ड्सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच विकेट्स काढल्या. म्हणजे ज्या माणसाने शिवलकरांना हेरलं, त्याला पोटापाण्याचं क्रिकेट आणि देशाचं क्रिकेट यांतली ओढाताण चांगलीच ठाऊक होती. मंकडांकडे निदान हॅसलिंग्डन तरी होतं. मुंबईतल्या पोरासाठी पर्याय एकच, ऑफिसची नोकरी.

१९६१-६२ च्या हंगामात शिवलकर पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले, सीसीआय प्रेसिडेंट्स इलेव्हनकडून, परदेशी खेळाडूंच्या इंटरनॅशनल इलेव्हनविरुद्ध. पहिल्याच डावात पाच विकेट्स. गंमत म्हणजे इंग्लंडच्या क्रिकेटमधला 'जंटलमेन' आणि 'प्लेयर्स' हा भेद संपला तोही १९६२ मध्येच. तोपर्यंत तिकडे बिनपगारी साहेब आणि पगारी खेळाडू अशा अक्षरशः दोन जाती होत्या. मैदानावर यायची दारंसुद्धा वेगळी असत. आपल्याकडे मुंबईत भेद नव्हता, कारण सगळेच कारकून नाहीतर ऑफिसर होते :)

पदार्पणातच पाच विकेट्स. मग पुढे अडलं कुठे?

आधी मुंबईतच. त्या वेळी मुंबईकडे डावखुरा फिरकी गोलंदाज होता, आणि तो साधासुधा नव्हता. बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं टाकणारे नाडकर्णी. त्या डावाचा त्यांचा हिशेब ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. ते १९६७-६८ पर्यंत मुंबईकडून खेळत होते. म्हणजे शिवलकरांची पंचविशी आपल्याच संघात जागा पक्की करण्यात गेली. भारतीय संघाकडे नजर टाकायची तर तिथेही नाडकर्णी, शिवाय सलीम दुराणी.

आणि नाडकर्णी निवृत्तीच्या जवळ येईपर्यंत दुसरीच गोष्ट घडून गेली होती. ३१ डिसेंबर १९६६ ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजविरुद्ध वीस वर्षांचा एक सरदार मुलगा पहिली कसोटी खेळायला उतरला. बिशनसिंग बेदी. शिवलकरांपेक्षा सहा वर्षांनी लहान.

त्यानंतरची तेरा वर्षं भारताच्या डावखुऱ्या फिरकीची खुर्ची बेदींची. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच रिसोर्स, त्यावर एका थ्रेडने लॉक घेतला आणि तो १९७९ पर्यंत सोडलाच नाही. बाकीचे रांगेत. त्यात बेदींचा काही दोष नाही. ६७ कसोटी आणि २६६ विकेट्स असलेल्या माणसाने कुणासाठी उठायचं?

आता कुणी म्हणेल, दोन डावखुरे एकत्र का नाही खेळवले? याचं उत्तर त्या काळच्या बाकीच्या तिघांत आहे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. या चौघांच्या मिळून ८५३ कसोटी विकेट्स आहेत. आपण त्यांची नावं 'चौकडी' म्हणून एका दमात घेतो, त्यामुळे वाटतं हे कायम एकत्रच खेळले. प्रत्यक्षात चौघे एकाच कसोटीत उतरले ते एकदाच, १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला. म्हणजे या चौघांतलाच एकजण दर वेळी बाहेर बसत होता! प्रसन्ना की वेंकट हा वाद तर वर्षानुवर्षं चालला. मग पाचव्याला जागा कुठून मिळणार? आणि तो पाचवाही बेदींचीच शैली घेऊन आलेला. निवड समितीच्या जागी बसून पाहिलं तर मला त्यांचं गणित चुकलेलं दिसत नाही. गणित बरोबर होतं. फक्त त्या बरोबर गणितात माणूस शिल्लक राहिला.

माणूस नव्हे, माणसं. उत्तरेत राजिंदर गोयल होते, तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. ७५० प्रथम श्रेणी विकेट्स, सरासरी १८.५८, रणजीतच ६३७, आजवर कुणालाही न गाठता आलेला आकडा. १९७४ मध्ये बेदींना शिस्तभंगावरून बेंगळुरूच्या कसोटीतून वगळलं, समोर वेस्ट इंडीज. खुर्ची रिकामी! बोलावणं गोयलना आलं. ते बेंगळुरूला पोचले, संघाबरोबर राहिले आणि सामन्याच्या सकाळी बारावे खेळाडू ठरले. प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट तिघे उतरले. विव्हियन रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांची ती पहिली कसोटी. गोयल यांची ती होता होता राहिलेली एकमेव. पुढच्या कसोटीला बेदी परत. गोयल जून २०२० मध्ये गेले. शिवलकरांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. १९७३-७४ मध्ये भारतीय संघाबरोबर श्रीलंकेचा दौरा त्यांनी केला, पण श्रीलंकेला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. तो दौरा मोजला गेला नाही.

इथपर्यंतची गोष्ट मुंबईकर क्रिकेटवेड्यांना पाठ असते, आणि ती नेहमी याच सुरात सांगितली जाते. 'बिचारा पॅडी.' शिवलकरांच्या आत्मचरित्राचं नावही 'हा चेंडू दैवगतीचा' असं आहे. ते गातही छान. माणूस स्वतःच दैव म्हणत असेल तर आपण कोण बोलणार? तरीही मला या 'बिचारा'चा त्रास होतो.

कारण आता १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्याकडे बघा. मद्रास, चेपॉक, मुंबई विरुद्ध तमिळनाडू. मुंबई सलग चौदा वर्षं विजेती होती. १९५८-५९ पासून दुसऱ्या कुणाला करंडक मिळालाच नव्हता. वाडेकर कप्तान. चेपॉकची खेळपट्टी फिरकीला धार्जिणी, आणि तमिळनाडूकडे घरचे दोन मोठे फिरकी गोलंदाज: वेंकटराघवन आणि लेगस्पिनर व्ही. व्ही. कुमार. मुंबई पहिल्या डावात १५१ ला सर्वबाद. पॅव्हेलियनमध्ये काय वातावरण असेल कल्पना करा. चौदा वर्षांची मालिका आपल्या हातून तुटणार.

मग शिवलकरांनी १६ धावांत ८ विकेट्स घेतल्या. तमिळनाडू ८० सर्वबाद. मुंबईचा दुसरा डाव ११३. परत शिवलकर, १८ धावांत ५. तमिळनाडू ६१. मुंबई १२३ धावांनी विजयी. पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर संपला. बाकीचे दिवस चेपॉकचं मैदान मोकळं.

३४ धावांत १३ विकेट्स. ज्या मैदानावर वेंकट आणि कुमार लहानाचे मोठे झाले, तिथे, अंतिम सामन्यात. सलग पंधरावा करंडक मुंबईला मिळाला तो या माणसाच्या बोटांमुळे. पुढच्याच हंगामात कर्नाटकने उपांत्य फेरीत मुंबईला हरवलं आणि ती मालिका संपली. म्हणजे पंधरा या आकड्यातला शेवटचा एक शिवलकरांचा आहे. तो आकडा आपण आजही मिरवतो. मग त्यांची कारकीर्द 'न झालेली' कारकीर्द कशी?

जाता जाता: त्या सामन्यात विरुद्ध बाजूला असलेले व्ही. व्ही. कुमार यांच्या प्रथम श्रेणी विकेट्स ५९९. शिवलकरांपेक्षा फक्त दहा जास्त. कुमार १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दिल्लीला पहिली कसोटी खेळले, पहिल्याच डावात ६४ धावांत ५ घेतल्या, आणि एकूण दोन कसोट्यांनंतर त्यांना परत बोलावलं नाही. मग मला सांगा, शून्य कसोट्या आणि दोन कसोट्या यांत माणूस म्हणून, गोलंदाज म्हणून नेमका फरक कितीचा? आपल्याला 'भारतासाठी खेळला' असा एक टिकमार्क हवा असतो. कुमारांना तो मिळाला, शिवलकरांना नाही. दोघांचं रोजचं काम मात्र तेच होतं.

हे रोजचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या ऑफिसात लोकांची वर्गवारी दोनच प्रकारांत होते. ऑनसाइट जाऊन आलेले आणि न गेलेले. जो गेला नाही त्याने पाच वर्षं अख्खी सिस्टिम पडू न देता चालवली असली तरी अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे फारसं काही लिहिलं जात नाही. शिवलकरांची गोष्ट आपण नेमकी याच डोळ्याने वाचतो, कसोटी म्हणजे ऑनसाइट आणि रणजी म्हणजे बेंच. पण ज्याने मुंबईसाठी शेकडो विकेट्स काढल्या तो कशाची वाट बघत बसला होता असं मला दिसत नाही. तो काम करत होता. ऑफिस करून नेट्स, शनिवार-रविवार क्लब, हिवाळ्यात रणजी, पावसाळ्यात कांगा लीगचा चिखल. इंग्लंडातल्या त्या विंगरचंच वेळापत्रक.

आकड्यांच्या बाबतीत प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. शिवलकरांची सरासरी १९.६९ आणि बेदींची प्रथम श्रेणीतली २१.६९, म्हणजे बरोब्बर दोन धावांचा फरक. हे बघून 'बघा, पॅडी सरस!' असं म्हणायचा मोह होतो. पण बेदींच्या १५६० विकेट्समध्ये कसोट्या आहेत, नॉर्थॅम्प्टनशायरकडून खेळलेलं काउंटी क्रिकेट आहे. समोरचे फलंदाजच वेगळे. शिवाय शिवलकरांच्या पाठीशी मुंबईचे क्षेत्ररक्षक होते. शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर उभा असेल तर कुठल्याही फिरकी गोलंदाजाची सरासरी सुधारेल. त्यामुळे ही तुलना मी करत नाही. करायची गरजही नाही.

जी गोष्ट खरंच लागते ती १९७९ ची आहे. बेदींची शेवटची कसोटी ओव्हलवर, ४ सप्टेंबरला संपली. लॉक सुटला. ११ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुढची कसोटी सुरू झाली, आणि डावखुऱ्या फिरकीची जागा मिळाली दिलीप दोशींना. दोशीही बेदींच्या सावलीत थांबले होते, वय ३१. पहिल्याच डावात त्यांनी सहा विकेट्स घेतल्या, पुढे ३३ कसोट्यांत ११४. मैदान कुठलं? चेपॉक. १३ विकेट्सवालं तेच. सामना सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, १४ तारखेला, शिवलकर ३९ वर्षांचे झाले. मग १९८१ मध्ये मुंबईचाच रवी शास्त्री आला, तो फलंदाजीही करायचा, आणि विषय कायमचा मिटला.

गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात शिवलकर आणि गोयल दोघांवर लिहिलं आहे. मोठमोठ्या कसोटीवीरांच्या रांगेत हे दोघे बिनकसोटीचे. शिवलकर ३ मार्च २०२५ ला गेले तेव्हा गावसकर म्हणाले होते, की भारताचा कप्तान असताना या दोघांसाठी निवड समितीला पटवू शकलो नाही याची खंत आहे. मार्च २०१७ मध्ये बोर्डाने दोघांना एकाच समारंभात सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार दिला. शिवलकर तेव्हा ७६ वर्षांचे होते.

ती ऑफिसांची व्यवस्था आता जवळपास उरलेली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे संघ गेले. पुढे बँकांनी आणि कंपन्यांनी खेळाडूंची भरती आटवली. २००८ पासून आयपीएल आहे. आज वीस वर्षांच्या पोराला एका लिलावात जे मिळू शकतं ते शिवलकरांच्या पिढीने जन्मात पाहिलं नाही. चांगलंच आहे ते. पण नोकरी करत सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत राज्याकडून गोलंदाजी करणारा माणूस आता होणार नाही.

हो, सत्तेचाळिसाव्या. ते सांगायचं राहिलंच. काही वर्षं बाहेर राहिल्यावर १९८७-८८ च्या हंगामात मुंबईने शिवलकरांना परत संघात घेतलं. बेदी निवृत्त होऊन गेले होते, दोशी गेले होते, शास्त्री भारतीय संघात पक्का झाला होता. कसोटीची आशा धरायला कुणालाच, अगदी त्यांच्या कट्टर चाहत्यालाही, जागा नव्हती. ते आले, निम्म्या वयाच्या पोरांबरोबर पांढरे कपडे चढवून मैदानात उतरले आणि मुंबईकडून गोलंदाजी केली. त्यानंतर वर्षानुवर्षं शिवाजी पार्क जिमखान्यावर पोरांना शिकवत राहिले.